पाचवी जागा

दिवाळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या आवारात पोरे किल्ला बांधायला घेतात, आणि माझ्यातला टीकाकार जागा होतो. किल्ला तसा झकास असतो. दगडविटांवर पोते, पोत्यावर चिखल, चिखलात पेरलेले अळीव. सगळे जिथल्या तिथे. पण महाराज बुरुजाहून उंच, मावळ्याला दरवाजातून आत जायचे तर रांगतच जावे लागेल, आणि पायथ्याच्या बाजारातली भाजीवाली तोफेच्या दुप्पट! एकदा न राहवून मी म्हणालो, "अरे, याला काही प्रमाण?" त्यावर एक सात-आठ वर्षांचा किल्लेदार शांतपणे म्हणाला, "काका, महाराज मोठेच असतात." पंचवीस वर्षे मराठी साहित्य शिकून आणि शिकवून मला प्रतीक या विषयावर इतके नेमके वाक्य सुचलेले नाही. मी मुकाट्याने घरी आलो.

प्रमाणाचे हे वेड मला लागले ते रणगाड्यांपायी. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे बरेच दुर्गुण ठाऊक आहेत, हा मात्र मी आजवर लपवून ठेवला होता. प्लॅस्टिकचे शे-दोनशे सुटे भाग डब्यातून काढायचे, कानसून, चिकटवून त्यांचा रणगाडा उभा करायचा आणि रंगवून कपाटावर ठेवायचा, असा हा उद्योग. मराठीच्या प्राध्यापकाने रणगाडे का जोडावेत, असे पाहुणे विचारतात. सौ. परस्पर उत्तर देते, "निदान घरात असतात."

माझे सगळे रणगाडे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे. दहावा नाही, पन्नासावा नाही, पस्तिसावाच का? याची कथा गमतीची आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या टामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याची मोटरवर धावणारी प्रतिकृती काढली. पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून त्या हिशेबाने रुंदी धरली. मागाहून मोजले तेव्हा ती खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास निघाली! पुढे तेच माप जगभर रूढ झाले. शास्त्र म्हणून आपण ज्याच्यापुढे मान तुकवतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा दोन बॅटऱ्या असतात.

तर गेल्या वर्षी माझा इंग्लंडातला भाचा तिथल्या बॉव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन आला आणि त्याने मला एक फोटो पाठवला. अमेरिकन बांधणीचा शर्मन रणगाडा, पण त्याला भलतीच लांब तोफ. लहान मुलाने बापाची काठी हातात धरावी तशी. नाव फायरफ्लाय, म्हणजे काजवा. मी भाच्याला कळवले, "येताना याचा डबा आण." भाच्याने आणला शर्मनच, पण साधा, आखूड तोफेचा. "मामा, शर्मन तो शर्मन!" म्हणाला. त्याला काय सांगणार? ज्ञानेश्वरीची कोणतीही प्रत उचलली तरी ती ज्ञानेश्वरीच, असे म्हणणारी माणसे माझ्या वर्गातही असतात. नाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध करायला घेतला तो उगीच का?

शर्मनचेही पाठभेद आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. सुमारे ४९,००० शर्मन अमेरिकेत तयार झाले, ते वेगवेगळ्या कारखान्यांत, हाताशी येईल ते इंजिन घालून. एकात विमानाचे इंजिन, दुसऱ्यात डिझेलची जोडी, तर एका जातीत मोटारींची पाच इंजिने एकत्र गुंफून त्यांचे तीस सिलिंडरांचे एक धूड केलेले! ते धूड मावावे म्हणून त्या जातीचे अंग मागे वाढवावे लागले, आणि अंग वाढले म्हणून पट्टा वाढला. बाकीच्या शर्मनांच्या एका बाजूच्या पट्ट्यात ७९ कड्या, याच्या पट्ट्यात ८३. इंग्रजांनी या जातींना रोमन आकडे दिले आणि तोफ बदलली की पुढे अक्षर जोडले. आपल्याकडे धातूला प्रत्यय लागतो ना, तसेच. लांब तोफेचा प्रत्यय 'सी'. बहुतेक फायरफ्लाय त्या तीस सिलिंडरवाल्या पाचव्या जातीचे. माझ्या डब्यातला निघाला पहिल्या जातीचा. मी पट्ट्याच्या कड्या तीनदा मोजल्या. ७९! म्हणजे फोटोतला रणगाडा यातून होणे नाही. पण पहिल्या जातीचेही फायरफ्लाय झाले होते, तेव्हा तो पाठ धरून चालायचे ठरवले.

आता हा फायरफ्लाय मुळात झाला कसा, हे सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही. शर्मन गाडी विश्वासाची, पण तिची ७५ मिलिमीटरची तोफ जर्मनांच्या टायगर-पँथरपुढे तोकडी पडायची. इंग्रजांपाशी सतरा पौंडी नावाची जबरदस्त तोफ होती. पण ती शर्मनच्या बुरुजात मावेना. गोळा सुटला की तोफ झटक्याने मागे येते. ही इतकी मागे येई की तिला बुरुजात जागाच उरत नसे. लुलवर्थच्या गोलंदाजी शाळेत ब्रायटी नावाच्या मेजराने तोफ पक्की जखडून पाहिली, म्हणजे सगळा धक्का गाडीने सोसावा. विदरिज नावाचा दुसरा अधिकारी त्याला येऊन मिळाला. मग वरून हुकूम आला, हा खटाटोप बंद करा; नवे रणगाडे येणारच आहेत. (सरकारी खात्यांना येणाऱ्या गोष्टीवर असलेल्या गोष्टीपेक्षा नेहमीच जास्त भरवसा असतो.) विदरिजने वरिष्ठांकडे शब्द टाकून काम पुन्हा चालू करवले. शेवटी किलबर्न या इंजिनिअराने धक्का शोषणारी नळकांडी आखूड करून तोफेच्या दोन्ही अंगांना बसवली आणि तोफेची पिछाडी कुशीवर वळवली, म्हणजे गोळा डावीकडून भरता यावा. १९४४च्या सुरुवातीपासून तयार शर्मन कारखान्यात घेऊन त्यांचे फायरफ्लाय होऊ लागले. असे दोन हजारांवर झाले.

म्हणजे पाहा, मी टेबलावर जे करत होतो तेच त्यांनी कारखान्यात केले होते. तयार गाडी घ्यायची, थोडे कापायचे, थोडे लावायचे. त्यांच्यापुढे जे प्रश्न आले तेच, त्याच क्रमाने, पस्तिसाव्या हिश्श्याने माझ्यापुढे आले. पुस्तक वाचताना 'वायरलेस मागे हलवला' हे वाक्य डोळ्यांखालून सहज निघून जाते. कापायला बसल्यावर तो का हलवला ते समजते. मागे येणाऱ्या तोफेच्या वाटेत नेमके ते यंत्रच होते. म्हणून बुरुजाच्या पाठीला भोक पाडले, बाहेरून एक चिलखती पेटी लावली आणि यंत्र तिच्यात ठेवले. ती पेटी मी मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डातून कापली. पुढे, तोफेची पिछाडी एवढी मोठी की डावीकडचा गोळे भरणारा तिच्यापलीकडे अडकणार. आग लागली तर त्याने बाहेर कुठून पडावे? म्हणून त्याच्या डोक्यावर छताला स्वतंत्र झाकण. ते मी तीनदा कापले. दोनदा वाकडे गेले.

तोफेसाठी मी सौ.ची विणकामाची ॲल्युमिनियमची सुई घेतली. विचारून घेतली असे मी इथे लिहिणार नाही, कारण हा अंक तीही वाचते. पण तोफ मुळाशी जाड आणि तोंडाशी बारीक हवी, आणि ते काम माझ्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा मी नानांकडे गेलो.

नाना म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. एस.टी.च्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. आमची पाच माणसे: नाना, आम्ही दोघे, बारावीतली मुक्ता आणि आठवीतला नंदू. घर दोन खोल्यांचे. एक मोठी, एक लहान, शिवाय स्वयंपाकघर आणि गॅलरी. लहान खोलीत नानांची कॉट, माझी पुस्तकांची दोन लोखंडी कपाटे आणि रणगाड्यांचे टेबल. नानांचा हात आता कापतो. चहाची बशी वाजते. पण सुई ड्रिलमध्ये धरून त्यांनी फिरवली आणि कानस टेकवली तेव्हा ती कानस अशी स्थिर होती की मी पाहतच राहिलो. "व्हर्निअर कुठाय?" त्यांनी विचारले. मी पट्टी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने पूर्वी अनेक शिकाऊ उमेदवार घरी गेले असतील.

नेमक्या त्याच आठवड्यात मुक्ताच्या अभ्यासाचा प्रश्न निघाला होता. मोठ्या खोलीत टीव्ही, नंदू, येणारे-जाणारे. बारावीचे वर्ष, तिला एक खोली हवी, हे सगळ्यांना पटत होते. एका रात्री स्वयंपाकघरात मी सौ.ला म्हणालो, "वर्षभर नाना धाकट्याकडे नागपूरला राहिले तर?" ती काही बोलली नाही. ओटा पुसत राहिली. मी तो होकार समजलो. आमचे स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यात साडेचार इंचांची एकच भिंत आहे, हे मला त्या वेळी सुचले नाही.

रविवारी सकाळी मी शर्मनच्या पुढच्या अंगाला लागलो. चालकाच्या शेजारी, उजव्या हाताला, चिलखतातून एक मशीनगन डोकावते. ती काढून तिथल्या भोकावर एक तुकडा चिकटवायचा होता. नाना शेजारी बसून तोफेला पॉलिश पेपर मारत होते.

"हे भोक कशाला बुजवतोस?"

"इथे पाचवा माणूस बसायचा, नाना. साध्या शर्मनमध्ये पाच जण असत. गाडीप्रमुख, गोलंदाज, गोळे भरणारा, चालक, आणि हा मशीनगनवाला."

"मग?"

"नव्या तोफेचे गोळे फार लांब. ते ठेवायला जागा पुरेना. म्हणून याची जागा काढून तिथे गोळे रचले. फायरफ्लायमध्ये चौघेच."

"आणि तो कुठं गेला?"

"गेला असेल दुसऱ्या गाडीत."

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "गोळे ठेवायला जागा पाहिजेच. बारावीचं वर्ष आहे."

नंतर अर्धा तास आम्ही दोघे फक्त तोफेबद्दल बोललो. तोंडाशी किती मिलिमीटर, मुळाशी किती. तो तुकडा माझ्या चिमट्यात होता. मी तो बसवला. बसला छान. पण शिवण दिसेनाशी व्हावी म्हणून तिच्यात जी लांबी भरायची असते, ती भरायला काही माझा हात होईना.

रात्री मी सौ.ला सगळे सांगितले. वाटले, ती म्हणेल, जाऊ द्या, म्हातारी माणसे असे बोलायचीच. ती म्हणाली, "मी कुठे म्हटलं त्यांना पाठवा म्हणून? तुम्ही बोललात, मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो, हा नियम तुमच्या व्याकरणात असेल, माझ्यात नाही." आणि थोड्या वेळाने, "त्या तुमच्या गाडीतून आणखी काय काय काढलं होतं?"

"वायरलेस."

"काढून टाकला?"

"नाही. मागे बाहेरून पेटी करून तिच्यात ठेवला."

"हं," ती म्हणाली. तिची नजर खोलीच्या दाराकडे गेली, आणि तिच्यामागोमाग माझी. अंधारात दोन लोखंडी कपाटे उभी होती.

वाचकहो, त्या कपाटांत काय आहे हे एका प्राध्यापकालाच ठाऊक. जुन्या मासिकांच्या बांधीव फायली. स्वतःचीच टिपणे, जी पंधरा वर्षांत एकदाही उघडलेली नाहीत. छंदशास्त्रावरची अकरा पुस्तके. आणि खालच्या दोन फळ्यांवर न उघडलेले रणगाड्यांचे डबे, एकतीस. माणूस नागपूरला धाडण्याची सूचना माझ्या तोंडून सहज निघाली होती; ही कपाटे हलवायचा विचार मात्र माझ्या डोक्याला शिवला नव्हता. ते खोलीचेच भाग आहेत असे मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी खोली मोजली. दहा फूट बाय नऊ. पुठ्ठ्यावर पस्तिसाव्या हिश्श्याने आखली, कॉट, कपाटे, टेबल कापून घेतले आणि सरकवत बसलो. कपाटे आणि माझे टेबल उचलले की मुक्ताचे टेबल खिडकीशी बसत होते आणि नानांची कॉट जागची हलत नव्हती. मुक्ताला दाखवले. ती म्हणाली, "बाबा, हे मी तुम्हाला मेमध्येच सांगितलं होतं. तुम्ही उत्तरपत्रिका तपासत होतात."

आता पुस्तके गॅलरीत. पण पाऊस? नानांनी गॅलरीच्या भिंतीला लावायची पत्र्याची पेटी आखली. आठ फूट लांब, वर उतार, पुढे सरकती दारे. पत्रा ओळखीच्या दुकानातून आणला, कापून घेतला, आणि रिव्हेट स्वतः उभे राहून मारून घेतले. नंदू हाताखाली. त्या चार दिवसांत नाना घरात सगळ्यांवर ओरडत होते, आणि कुणाला त्याचे वाईट वाटत नव्हते. सगळे काही गोड झाले असे मात्र नाही. सप्टेंबरच्या पावसात पेटी एका कोपऱ्यातून गळली आणि छंदशास्त्र भिजले. अकरांपैकी चार पुस्तके गेली. नाना म्हणतात दोष पत्र्याचा, मी म्हणतो उताराचा. शिवाय नानांचा सकाळी सहाचा रेडिओ आणि मुक्ताचे रसायनशास्त्र यांचे अजून जमलेले नाही. गणपतीनंतर नाना पंधरा दिवस नागपूरला जाऊन आले. स्वतःच तिकीट काढून गेले आणि परतीचेही काढूनच गेले.

ते परत आल्यावर एका संध्याकाळी मी त्यांना जो एकिन्सची गोष्ट सांगितली. नॉर्दॅम्प्टनशायर येओमन्री या पलटणीतला हा फायरफ्लायचा गोलंदाज. ८ ऑगस्ट १९४४ या दिवशी नॉर्मंडीत सेंतेन्याँ गावाजवळ त्याने काही मिनिटांत तीन टायगर फोडले. त्याच दिवशी त्याची स्वतःची गाडीही फुटली. सगळ्यांनी बाहेर उड्या टाकल्या. पुढे त्याला दुसऱ्या गाडीत घेतले ते वायरलेस सांभाळायला आणि गोळे भरायला. उरलेल्या युद्धात त्याने रणगाड्याची तोफ पुन्हा डागली नाही. परत गेला आणि जोड्यांच्या कारखान्यात कामाला लागला.

"तीन फोडले, आणि गोळे भरायला बसवला?" नानांनी विचारले.

"हो."

"वर्कशॉपमध्ये असंच असतं," नाना म्हणाले आणि बराच वेळ स्वतःशीच हसत राहिले.

फायरफ्लाय आता जवळजवळ पुरा झाला आहे. माझे टेबल मोठ्या खोलीत टीव्हीच्या बाजूला आले, त्यामुळे कामाला वेळ लागला. बातम्या ऐकत बारीक कडा कापता येत नाहीत. पुढच्या अंगावरची शिवण मी शेवटी बुजवली. खऱ्या गाडीवर ती जागा झाकलेलीच होती, आणि पाठ पाहून लिहायचे तर आवडीनिवडीला जागा नाही. राहिला आहे तो तोफेचा रंग. त्यातही एक खुबी आहे. सुरुवातीला चार गाड्यांच्या टोळीत फायरफ्लाय एकच असे, आणि लांब तोफेवरून जर्मन गोलंदाज तिला ओळखून आधी तिच्यावरच नेम धरत. म्हणून काही पथकांनी तोफेच्या पुढच्या अर्ध्या भागाची खालची बाजू पांढरी रंगवली, दोन रंगांच्या मधली कड नागमोडी ठेवली, म्हणजे दुरून ती तोफ आखूड वाटावी. नंदूने किल्ल्यासाठी हा रणगाडा आत्तापासूनच मागून ठेवला आहे, आणि माझ्याने ती नागमोडी कड काही केल्या साधत नाही. मी काढली की सरळच येते. वर्षानुवर्षे फळ्यावर ओळी सरळ लिहिल्याचा परिणाम असावा.

काल दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढत होतो, तेव्हा नाना मागे येऊन उभे राहिले.

"कशी पाहिजे?"

"अशी, लाटेसारखी. थरथरल्यागत."

"आण इकडे," म्हणाले, आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन खुर्चीवर बसले.